सहाचा पाढा आणि शिरूरची शीव

रांजणगावच्या परिसरात लोकसभेचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. इतक्या वेळा आणि इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून, की त्याला आता कोणी पुरावाही मागत नाही. मत असं: २००८च्या पुनर्रचनेत जुना खेड मतदारसंघ मोडून शिरूर लोकसभा मतदारसंघ केला, तेव्हा गावांच्या गळ्यात शहर अडकवलं गेलं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे शेतीचे तालुके. त्यांना भोसरी आणि हडपसर जोडले, आणि तिथून पुढे कांद्याच्या भावापेक्षा उड्डाणपूल मोठा झाला. गंमत म्हणजे भोसरीतही हेच गाऱ्हाणं आहे, फक्त उलट्या बाजूने. एवढी मोठी उद्योगनगरी, पण तिला स्वतःचा खासदार नाही. पिंपरी आणि चिंचवड मावळात, भोसरी शिरूरमध्ये. दोन्हीकडचा निष्कर्ष मात्र एक: पुढच्या पुनर्रचनेत पिंपरी-चिंचवडचा निव्वळ शहरी मतदारसंघ वेगळा करा. शहराचा खासदार शहराला, गावाचा गावाला.

हा पूर्वपक्ष हलका नाही. मतदारयाद्याच पाहा. २०२४च्या लोकसभेला शिरूरमध्ये पंचवीस लाखांवर मतदार होते. जुन्नर आणि आंबेगाव प्रत्येकी तीन लाखांच्या आसपास, खेड-आळंदी त्याहून थोडं वर. भोसरी आणि हडपसर मात्र प्रत्येकी साडेपाच लाखांच्या घरात. म्हणजे सहापैकी दोन विधानसभा क्षेत्रांत पाच आण्यांऐवजी सात आण्यांचे मतदार. उमेदवाराने प्रचाराचे दिवस कुठे घालवावेत हे या आकड्यांनीच ठरवून टाकलं, असं कोणी म्हटलं तर त्याला हसून सोडता येणार नाही. तरीही हे मत मला मान्य नाही. २००८ला जे झालं त्याचं त्यातलं निदान चुकीचं आहे आणि पुढे जे व्हावं म्हणतात तो उपायही चुकीचा. रांजणगावकरांचं खरं दुखणं तिसरंच आहे, आणि या गलक्यात ते ऐकूच येत नाही.

आधी २००८. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगासमोर २००१च्या जनगणनेचे आकडे होते. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. लोकसभेच्या जागा ४८, विधानसभेच्या २८८. दोन्ही संख्या ठरलेल्या, आयोगाला त्यांना हात लावायचा अधिकार नव्हता. भागाकार केला की लोकसभेच्या एका जागेमागे २० लाख १८ हजार माणसं येतात, विधानसभेच्या जागेमागे ३ लाख ३६ हजार. आणि २८८ भागिले ४८ म्हणजे सहा. कायद्याची अट अशी की कोणतंही विधानसभा क्षेत्र दोन लोकसभा मतदारसंघांत फोडता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात लोकसभेचा नकाशा हा सहाच्या पाढ्यातच बसवावा लागतो.

पुणे जिल्हा तेव्हा ७२ लाख ३२ हजारांचा. त्याच्या वाट्याला विधानसभेच्या २१ जागा आल्या. सहाच्या पाढ्यात २१ येत नाही. तीन पूर्ण मतदारसंघ झाले की तीन जागा उरतात. त्या उरलेल्या तिघी म्हणजे मावळ, चिंचवड आणि पिंपरी. त्यांना घाटाखालच्या पनवेल, कर्जत, उरणशी जोडलं आणि मावळ लोकसभा मतदारसंघ झाला. पवना आणि पनवेलची खाडी एका खासदाराच्या पदरात कशी आली, याचं उत्तर कोणाच्या कारस्थानात शोधायची गरज नाही. ते बाकीत आहे.

आता पिंपरी-चिंचवडचा स्वतंत्र मतदारसंघ. २००१ला या महापालिकेची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती. जागेला हवीत वीस लाख. म्हणजे शहराचा हक्क बरोबर अर्ध्या खासदाराचा, आणि विधानसभेच्या तीन जागांचा. त्या तीन जागा त्याला मिळाल्या: चिंचवड, पिंपरी, भोसरी. अर्ध्या खासदाराचा अख्खा खासदार करायचा तर दुसरा अर्धा कुठून तरी आणावाच लागणार होता.

‘पुण्याकडून आणायचा,’ असं यावर कोणी म्हणेल. मांडून पाहू. २१पैकी शहरी म्हणता येतील अशी विधानसभा क्षेत्रं अकरा: पुण्याकडची आठ (वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट, कसबा पेठ) आणि पिंपरी-चिंचवडची तीन. ग्रामीण दहा. दोन निव्वळ शहरी मतदारसंघांना बारा हवीत, आहेत अकरा. बारावं मावळचं घेऊ. मग ग्रामीण नऊ उरली. त्यांतली सहा मिळून एक मतदारसंघ झाला. राहिली तीन. या तिघांचं काय करणार? ती दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावी लागतील. आणि पाठवायची तर कोणती? नकाशावर बोट फिरवा: जुन्नर, आंबेगाव, खेड. त्यांच्या जोडीला नगर जिल्ह्यातलं अकोले, संगमनेर, पारनेर. कुकडीच्या पाण्यावरून ज्यांच्याशी वर्षानुवर्षं रस्सीखेच चालू आहे, त्यांच्याच पंगतीला आपले तीन तालुके बसले असते. शहर आणि गाव वेगळं करण्याची ही किंमत होती, आणि ती शहराने नव्हे, गावाने मोजली असती. ‘गावांवर अन्याय झाला’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी मांडायला हवा होता.

याच बोलण्याला चिकटलेलं एक उपमत आहे, की हद्दी नेत्यांनी आपल्या सोयीने आखून घेतल्या. परिसीमन कायद्यात प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मत नसतं आणि निर्णयावर सहीही नसते. त्यांचं वजन पडत नाही असं मी म्हणणार नाही. नेत्याचं वजन मताच्या अधिकारावर थोडंच अवलंबून असतं? पण वजन पडलं तरी ते कडेचं एखादं मंडळ इकडे की तिकडे एवढ्यापुरतं. २१ला सहाने निःशेष भाग घालवणं कोणत्याही नेत्याला जमणारं नव्हतं.

हडपसरबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. भोसरी ही नाशिक रस्त्याची वेस आहे. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या साऱ्यांचा पुण्याचा रस्ता तिच्यातूनच जातो, तेव्हा ती शिरूर मतदारसंघात शोभते. हडपसर सोलापूर रस्त्यावरचं. ते शिरूर विधानसभेच्या हवेलीतल्या शेपटाला लागून आहे म्हणून जोडलं गेलं. जुन्नरच्या माणसाचा हडपसरशी संबंध भाजीच्या गाडीपलीकडे फारसा नाही. ही जोडणी हौसेची नाही, नाइलाजाची आहे.

बरं, शहराने गावाला दाबलं, हे निकालांत तरी दिसतं का? २००९ला शिरूरची पहिली निवडणूक झाली. शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील आंबेगावचे, राष्ट्रवादीचे विलास लांडे भोसरीचे. शहर खरोखर भारी असतं तर तिथेच दिसायला हवं होतं. आढळराव जिंकले. २०१४ला पुन्हा आढळराव, देवदत्त निकम यांच्यासमोर तीन लाखांच्या फरकाने. २०१९ची निवडणूक तर या वादासाठी मुद्दाम घेतल्यासारखी झाली. भोसरीत आढळराव पुढे, हडपसरमध्येही आढळराव पुढे; जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी आणि शिरूर या चारही ठिकाणी डॉ. अमोल कोल्हे पुढे. दोन शहरी विरुद्ध चार ग्रामीण, अगदी सरळ सामना. कोल्हे ५८,४८३ मतांनी निवडून आले. ते नारायणगावचे. २०२४ला ते पुन्हा आले, फरक एक लाख चाळीस हजारांच्या वर गेला, आणि आढळरावांना आघाडी मिळाली ती एकट्या भोसरीत. या मतदारसंघाने आजवर शहरातला खासदार पाहिलेलाच नाही. कारणही उघड आहे. यादीतलं मत आणि पेटीतलं मत यांत अंतर असतं, आणि हडपसरमध्ये मतदान किती कमी होतं हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. तेव्हा भोसरीकराने तक्रार केली तर मी समजू शकतो. रांजणगावकराने तीच तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

इथवर वाद २००८चा झाला. पुढच्या पुनर्रचनेबद्दल मात्र समोरच्या बाजूच्या हातात एक चांगलं हत्यार आहे आणि ते अजून त्यांनी उपसलेलं नाही, म्हणून मीच देतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २३ लाख ७४ हजारांवर गेला. विधानसभेच्या जागेमागे ३ लाख ९० हजार. पुणे जिल्हा ९४ लाख २९ हजार. भागाकार चोवीस. म्हणजे लोकसभेच्या बरोबर चार जागा, बाकी शून्य. रायगडकडे हात पसरायला नको. त्यांत पुणे महापालिकेच्या वाट्याला आठ आणि पिंपरी-चिंचवडच्या १७ लाख २७ हजारांना साडेचारच्या आसपास, म्हणजे बारा शहरी, बारा ग्रामीण. दोन शहरी खासदार, दोन ग्रामीण. जे २००१च्या आकड्यांवर अशक्य होतं ते २०११च्या आकड्यांवर अगदी रेखीव बसतं. ८४व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली आहे. नवी जनगणना आली की पुण्याचं पारडं आणखी जड झालेलं असेल.

तर आता माझा आक्षेप गणिताचा उरत नाही. तो असा, की शहर आणि गाव यांच्यातली जी रेघ ही मंडळी गृहीत धरतात ती जमिनीवर कुठे आहे?

शिरूर विधानसभा क्षेत्र घ्या. २००८ला ते ग्रामीण म्हणून मोजलं गेलं. त्यात हवेली तालुक्यातली वाघोली आणि उरुळी कांचन ही महसूल मंडळं घातली होती. २०२१च्या जूनअखेर राज्य सरकारने २३ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यांत वाघोली. एका अधिसूचनेने ग्रामीण मतदारसंघाच्या पोटात महापालिका आली, आणि २०२४च्या विधानसभेला तिथून निवडून आलेले ज्ञानेश्वर कटके वाघोलीचेच. आयोग ज्या हद्दी पाहून रेघ ओढतो त्या हद्दी शाई वाळण्याआधी सरकतात. आणि आमचं रांजणगाव? महागणपतीचं देऊळ, कागदावर ग्रामपंचायत, आणि रस्त्यापलीकडे पंचतारांकित एमआयडीसी. एलजी, व्हर्लपूल, फियाट यांचे कारखाने इथे. कारेगाव-रांजणगावच्या खोल्यांतून मराठवाड्या-विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं भाड्याने राहतात. जनगणनेत त्यांची मोजदाद इथे होते, मत बहुतेकांचं गावाकडे. अशा ठिकाणाला गाव म्हणून बारामतीच्या बाजूला ढकलायचं की शहर म्हणून भोसरीच्या? पिंपरी-भोसरीत सुरू झालेली कारखानदारी चाकणला गेली, सणसवाडी-कोरेगाव भीमाला गेली, रांजणगावला आली. ती एकच साखळी आहे. तिच्या एका टोकाला ‘शहरी खासदार’ आणि दुसऱ्या टोकाला ‘ग्रामीण खासदार’ दिला तर नगर रस्त्यावरच्या कोंडीचं उत्तर कोण देणार? दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील, आणि त्यासाठी त्यांना खोटंही बोलावं लागणार नाही.

पाण्याचं बघितलं तर हे अधिकच उघडं पडतं. तालुक्यात रांजणगावं दोन. गणपतीचं एक, दुसरं रांजणगाव सांडस, भीमेच्या काठचं. याच्या शिवेवर, पलीकडच्या दौंड तालुक्यातल्या वाळकीजवळ, मुळा-मुठा भीमेला मिळते. त्याआधी वरच्या अंगाला तुळापूरजवळ इंद्रायणी भीमेत आलेली असते. इंद्रायणी कुठून येते? तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली यांच्या कडेने, म्हणजे भोसरीच्या हद्दीवरून. मग आळंदी, मग तुळापूर. पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी आणि पुण्याचं सांडपाणी अशी दोन शहरांची दोन पाणी सांडसच्या अंगणात एक होतात. आळंदीत कार्तिकीला नदीवर फेस तरंगताना वर्तमानपत्रांत दरवर्षी फोटो येतो. खालच्या विहिरींचा फोटो कोणी काढत नाही.

आजच्या शिरूर मतदारसंघात भोसरीपासून संगमापर्यंतचा इंद्रायणीचा हा अख्खा पट्टा एका खासदाराकडे आहे. ज्यांच्या वस्तीतून पाणी बिघडतं तेही त्याचे मतदार, आणि ज्यांच्या मोटारीत ते येतं तेही. त्याने या बाबतीत काय दिवे लावले तो वेगळा प्रश्न आहे आणि तो जरूर विचारावा. पण तो प्रश्न विचारण्यासाठी आज एक माणूस तरी आहे. शहर वेगळं काढलं की शहरी खासदाराला खालच्या मतदाराची भीती उरत नाही आणि ग्रामीण खासदाराला वरच्या महापालिकेत कोणी ओळखत नाही. मुळा-मुठेच्या बाबतीत हे आजच घडतं आहे: मुळा-मुठा पुण्याची, पुण्याचा खासदार निराळा, संगमापलीकडचं दौंड बारामतीत, तिथला निराळा, अलीकडचं सांडस शिरूरमध्ये. वेगळेपणाने गावाचं भलं होतं की नाही याचा नमुना पाहायचा असेल तर त्या काठावर उभं राहावं.

शहर आणि गाव यांचे प्रतिनिधी वेगळे, ही कल्पना नवीही नाही. १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात नागरी मतदारसंघ आणि ग्रामीण मतदारसंघ असे नावानिशी वेगळे होते. पुणे शहराची जागा वेगळी, पुणे जिल्ह्याची वेगळी. १९३५च्या कायद्यानंतरही तो भेद राहिला. त्या काळी त्याला तर्क होता, कारण मताचा हक्कच मालमत्तेवर होता: गावात शेतसारा भरणारा मतदार, शहरात घरभाडं किंवा कर भरणारा. माणूस मोजला जात नव्हता, त्याची मिळकत मोजली जात होती, आणि मिळकत दोन प्रकारची म्हणून मतदारसंघही दोन प्रकारचे. प्रौढ मताधिकार आला आणि ही विभागणी गेली. २००२च्या परिसीमन कायद्याचं नववं कलम वाचा. मतदारसंघ शक्य तेवढा सलग असावा, निसर्गाची ठेवण, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असं त्यात आहे. शहराचा वेगळा, गावाचा वेगळा, असं कुठेही नाही. ही त्रुटी नाही. जाणून सोडलेली गोष्ट आहे.

मग रांजणगावकर उगाच कुरकुरतो का? मुळीच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं आहे.

आग लोकसभेत नाही, विधानसभेत आहे. २००८ला शिरूर तालुका मधून चिरला. पाबळ आणि टाकळी हाजी ही मंडळं आंबेगावला जोडली. ‘३९ गावं’ हा शब्द तेव्हापासून इथे कायमचा झाला. भाषणात, फ्लेक्सवर, पक्षाच्या पदांतही तो असतो. रांजणगाव गणपती त्या ३९ गावांत, म्हणून त्याचा आमदार आंबेगावचा. रांजणगाव सांडस शिरूर विधानसभेत, म्हणून त्याचा आमदार आज वाघोलीचा. तहसील एक, पंचायत समिती एक, आमदार दोन, आणि दोघांपैकी एकाचंही घर तालुक्यात नाही. रांजणगावच्या माणसाचा सात-बारा शिरूरला, आमदाराचं कार्यालय मंचरला. सहकारी कारखान्याच्या, बाजार समितीच्या राजकारणात त्याला शिरूरकर मोजतात आणि विधानसभेला आंबेगावकर. २०२४ला दिलीप वळसे पाटील आंबेगावातून अवघ्या १,५२३ मतांनी निवडून आले. एवढ्या अटीतटीत या गावांची किंमत कोणाला कळली नसेल असं नाही. पण किंमत कळणं आणि दाद लागणं यांत फरक आहे.

हे का झालं, तर इथेही भागाकारच. आंबेगाव तालुका लहान. एकट्याने विधानसभेची जागा भरत नाही. त्याची तूट शिरूरमधून भरली, शिरूरची तूट हवेलीतून. पहिला ठोकळा पडला की पुढचे आपोआप पडतात. पण २०११चे आकडे इथे फार वेगळं बोलतात. शिरूर तालुका ३ लाख ८५ हजार. जागेला हवेत ३ लाख ९० हजार. म्हणजे एकटा शिरूर तालुका, एकही गाव न देता आणि एकही न घेता, जवळजवळ पूर्ण विधानसभा मतदारसंघ होतो. आंबेगावचं काय, हा प्रश्न रास्त आहे. जुन्नर ३ लाख ९९ हजार, आंबेगाव २ लाख ३६ हजार, खेड ४ लाख ५० हजार. तिघांची बेरीज १० लाख ८५ हजार. तीन जागांत वाटली तर प्रत्येकी ३ लाख ६२ हजार, सरासरीपेक्षा सातेक टक्क्यांनी कमी, आणि डोंगरी तालुक्यांना एवढी सूट कोणताही आयोग देऊ शकतो. खेडने थोडा उत्तरेकडचा, जुन्नरने थोडा दक्षिणेकडचा भाग आंबेगावला दिला की शिरूरला हात लावायची गरज राहत नाही.

नव्या जनगणनेत आकडे बदलतील. कारखान्यांमुळे शिरूर वाढलेला असेल, तेव्हा तालुका सरासरीच्या वरही जाईल. मग काढायचीच झाली तर पुणे शहराला खेटलेली थोडी गावं निघतील, पाबळ-रांजणगावचा पट्टा नव्हे. आयोगाचा मसुदा राजपत्रात येतो, हरकतींना मुदत असते, जाहीर सुनावणी होते. आदेश एकदा निघाला की घटनेच्या ३२९व्या कलमामुळे न्यायालयाची वाट जवळपास बंद. त्या सुनावणीत ‘शहर वेगळं करा’ असं ओरडणारी माणसं पुष्कळ असतील, कारण ते ओरडणं भोसरीतल्या इच्छुकांनाही सोयीचं आहे आणि इथल्याही. ‘शिरूर तालुका अख्खा ठेवा’ म्हणणारं निवेदन मात्र तालुक्यातूनच जावं लागेल. आंबेगावच्या नेत्यांना ३९ गावं सोडवत नाहीत आणि वाघोलीच्या नेत्यांना शिरूर.